तिच्या बाजूने कोण उभे राहिले?

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. मुलगी चौदा ते सोळा वर्षांची. आईबाप नाहीत, भावासोबत राहायची, लोकांच्या घरी राबायची. भावाने दिलेल्या एका तक्रारीवरून तिला ठाण्यात बोलावले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवले, तिला आत थांबवून घेतले. हे प्रकरण देशभर तिच्याच नावाने ओळखले जाते. मी ते नाव इथे लिहिणार नाही. कारण पुढे येईल.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, असे त्या निकालात म्हटले होते. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा सुनावली. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, ही साधी गोष्ट तिथे मान्य झाली. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकालही फिरवला. अंगावर जखमा नाहीत, तिने विरोध केल्याचे दिसत नाही, असे कारण दिले गेले.

त्याच वर्षी हैदराबादेत एका मुस्लिम स्त्रीवर पोलिस ठाण्यात बलात्कार झाला. तिच्या रिक्षाचालक नवऱ्याला मारहाण झाली आणि तो मेला. शहर रस्त्यावर आले, संचारबंदी लागली. न्यायमूर्ती मुक्तदर आयोगाने पोलिसांना दोषी ठरवले. तरीही पोलिसांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो तिच्याबद्दलच: ती वेश्या आहे, तिचा निकाहच वैध नाही. पुढे खटला कर्नाटकात रायचूरला गेला आणि आरोपी सुटले.

निकाहचा दाखला मागून एका बाईला खोटे पाडायचा प्रयत्न झाला, हे आपण मुसलमानांनी विसरू नये. कुरआनातील सूरह नूर स्त्रीच्या चारित्र्यावर आरोप करणाऱ्याकडे चार साक्षीदार मागते, आणि ते आणता आले नाहीत तर शिक्षा त्यालाच सांगते. आपल्या मोहल्ल्यात मात्र उलटे चालते. आरोप कुणीही करावा आणि साक्षीदार बाईने आणावेत.

देसाईगंजची मुलगी न्यायालयात हरली. पण सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी तो निकाल बारकाईने वाचला आणि सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. गरीब, अल्पवयीन मुलगी पोलिसांच्या ताब्यात असताना कसला विरोध करणार, असा त्यांचा सवाल होता. चौघांपैकी कुणीही तिचे नातेवाईक नव्हते. १९८० मध्ये मुंबईत स्त्रियांनी बलात्कारविरोधी मंच उभा केला. ८ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले. चर्चा करून भागत नाही, पीडितेला रोजचा आधार लागतो, हे त्या कार्यकर्त्यांना लवकर कळले. त्यातून नारी केंद्रासारखी कामे सुरू झाली. शहनाज शेख यांनी १९८३ मध्ये एकतर्फी तलाकविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा याच चळवळीतल्या स्त्रिया त्यांच्यासोबत होत्या. पुढे मुस्लिम स्त्रियांसाठी ‘आवाज-ए-निस्वाँ’ ही संघटना उभी राहिली.

१९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिस कोठडीतील बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे ठरले. सुनावणी बंद दाराआड होऊ लागली. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरले. जिच्यामुळे हे संरक्षण मिळाले, तिचे स्वतःचे नाव मात्र तोवर सगळ्यांच्या तोंडी झाले होते. म्हणून ते इथे नाही. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष मोडण्याची जुनी तरतूद हटायला तर २००३ उजाडले.

आमच्या वारणानगरसारख्या गावात नाव छापावेही लागत नाही. गल्ली सांगितली, बापाचा धंदा सांगितला की ओळख पटते. व्हॉट्सॲपवर हळहळ म्हणून फिरवलेला मजकूरही मुलीला घराबाहेर पडणे अवघड करतो. मग घरचेच म्हणतात, इज्जतीचा प्रश्न आहे, मिटवून टाका. अत्याचार करणारा पोलिस असला किंवा दुसऱ्या समाजाचा असला, तर आपण मोर्चा काढतो. तो चुलता, शेजारी किंवा शिकवणारा असला, की जमातीची बैठक समझोत्यासाठी बसते. मूल अठरा वर्षांखालचे असेल तर गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तिथे समझोत्याला जागाच नाही.

आज कोणत्याही पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवता येते, मग घटना कुठेही घडलेली असो. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला मोफत उपचार नाकारता येत नाहीत. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळते. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. मशिदीच्या सूचनाफलकावर, मदरशात, बचत गटाच्या बैठकीत हे क्रमांक लावायला किती वेळ लागतो? आणि एखादी मुलगी बोललीच, तर तिला पहिला प्रश्न ‘तू तिथे कशाला गेली होतीस?’ हा नको. तिच्यासोबत ठाण्यात आणि दवाखान्यात जाणाऱ्या दोन बायका आपल्या मोहल्ल्यात आहेत का, हे आजच पाहून ठेवावे.