सीडीचं सोंग घेतलेलं मोडेम
२०१० च्या आसपास रत्नागिरीला घरी जाताना लॅपटॉपसोबत यूएसबी मोडेम घेणारे बरेच होते. लिनक्सवर ते लावलं की दिसायची चक्क सीडी! कारण विंडोजचा ड्रायव्हर मोडेमच्याच पोटात असायचा. तो बसला की हे सोंग उतरायचं. लिनक्ससाठी कंपन्या सहसा काहीच देत नसत. मग योझुआ डीत्झे यांनी ‘यूएसबी मोडस्विच’ लिहिलं. विंडोज मोडेमला कोणता संदेश पाठवतं, ते लोकांनी टिपून काढलं. तोच संदेश हा प्रोग्राम पाठवायचा. सीडी गायब, मोडेम हजर! पुढचं काम कर्नलमधला ‘ऑप्शन’ ड्रायव्हर बघायचा. गडबड झालीच तर ‘एलएसयूएसबी’ आणि ‘डीमेसेज’ होतेच. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपलं ऐकणार की कंपनीचं, हा खरा प्रश्न होता. लोकांनी तो स्वतःच सोडवला, बरं का!