रक्तातला साक्षीदार

मासळीचा एक घास आणि अंगभर गांधी! अशा माणसाला ‘नाजूक प्रकृतीचा’ म्हणून आपण हसण्यावारी नेतो. मला मात्र या गांधींचा इतिहास मोठा रोमहर्षक वाटतो.

जर्मनीतील डॉक्टर कुस्टनर यांना मासे बाधत. त्यांचे सहकारी प्राउस्निट्झ यांना तो त्रास नव्हता. प्राउस्निट्झ यांनी कुस्टनरांच्या रक्तातील द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तेथेच माशाचा अर्क टोचला. तो काय, जागा टरारून सुजली! १९२१ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि व्याधीचे मूळ मनात नसून रक्तात आहे, हे सिद्ध झाले.

पण रक्तात नेमके काय? ते कळायला जवळजवळ चार तपे लागली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ते प्रथिन स्वतंत्रपणे हुडकले. १९६८ साली त्याचे ‘आयजीई’ असे बारसे झाले. २००३ मध्ये अमेरिकेत दम्यासाठी मान्यता मिळालेले ओमालिझुमॅब हे औषध या आयजीईलाच जखडते. रोग्याचे वजन आणि रक्तातील आयजीई पाहून त्याची मात्रा ठरते.

तरी साक्षीदार म्हणजे न्यायाधीश नव्हे. जंतांनीही आयजीई वाढते. म्हणून रोग्याची हकिगत ऐकून घ्यावीच लागते.