टिंडलचा ग्रंथ आणि राजाचें चित्र

इंग्लंडांतील प्रबोधनकाळाचें नांव निघालें कीं आपल्या वाचकांस प्रथम शेक्सपिअर आठवतो, आणि तें साहजिकच आहे. परंतु त्याच्या आधीं दोन पिढ्या ज्यानें इंग्रजी गद्यास साधेपणा व तेज दिलें, त्या विल्यम टिंडलचें स्मरण आम्हांस अधिक उद्बोधक वाटतें.

धर्माधिकाऱ्यांच्या अनुमतीवांचून बायबलचें इंग्रजी भाषांतर कोणीं करूं नये, असा त्या देशांत पंधराव्या शतकाच्या आरंभापासून निर्बंध होता. नांगरामागच्या पोरासही धर्मग्रंथ कळावा, ही टिंडलची आकांक्षा. लंडनच्या बिशपानें आश्रय नाकारला, तेव्हां तो परदेशीं गेला. मूळ ग्रीकवरून त्यानें नव्या कराराचें भाषांतर केलें आणि १५२६ सालीं तें जर्मनींतील वर्म्स येथें छापविलें. चोरून आलेल्या प्रती बिशपानें लंडनमध्यें जाळविल्या. १५३५ सालीं टिंडल अँटवर्प येथें पकडला गेला. पुढील वर्षीं ब्रसेल्सजवळ त्यास गळा आवळून मारण्यांत आलें व त्याचा देह जाळण्यांत आला.

यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं, १५३९ मध्यें, आठव्या हेन्रीच्या राज्यांत प्रत्येक चर्चमध्यें ठेवण्यासाठीं 'ग्रेट बायबल' प्रसिद्ध झालें. त्यांतील पुष्कळसा मजकूर टिंडलचाच होता! त्याच्या मुखपृष्ठावरील चित्र पाहण्यासारखें आहे. वर सिंहासनारूढ राजा दोहों हातांनीं ग्रंथ वांटीत आहे. तो धर्माधिकारी व सरदार यांच्या हातीं पडत आहे. तळाशीं जमलेली प्रजा उपदेश ऐकत राजाचा जयघोष करीत आहे. ग्रंथ इंग्रजी, पण जयघोष बहुतेक लॅटिन! शब्द वरून खालीं यावा आणि खालून केवळ जयजयकार वर जावा, हाच राजाचा हेतु चित्रकारानें रेखाटला आहे.

लोक मात्र जयघोषावर थांबले नाहींत. ते वाचूं लागले, वाद घालूं लागले. तेव्हां १५४३ सालीं कायदा झाला कीं, कारागीर, उमेदवार, शेतकरी, मजूर आणि सामान्य वर्गांतील स्त्रिया यांनीं इंग्रजी बायबल वाचूं नये. म्हणजे टिंडलनें ज्याच्यासाठीं प्राण वेंचले, तो नांगरामागचा पोरच नेमका बाहेर ठेवला गेला.

हा कायदा सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दींत, १५४७ सालीं रद्द झाला. १६११ च्या राजमान्य भाषांतरांत नव्या कराराचा फार मोठा भाग टिंडलच्याच शब्दांत राहिला. विद्या किती द्यावी हें देणारा ठरवूं पाहतो. पण अक्षर एकदां ओळखीचें झालें कीं तें परत घेण्याची सत्ता कोणत्याही सिंहासनास उरत नाहीं.