पांढऱ्या भुग्याचे ९९ टक्के

संशोधनासाठी मागवलेल्या कृत्रिम पेप्टाइडच्या शिशीबरोबर एक कागद येतो. त्यावर सपाट रेघ, रेघेवर एकच उंच सुळका आणि खाली छापलेले असते, ‘शुद्धता ९९ टक्के’. शिशीच्या तळाशी जो चिमूटभर पांढरा भुगा असतो, तो बघून काडीचाही अंदाज येत नाही. सगळी भिस्त त्या आकड्यावर.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. बर्लिनमध्ये एमिल फिशरने १९०७ साली अशी १८ कड्यांची साखळी जोडून दाखवली, तेव्हा टक्केवारीचा प्रश्नच नव्हता. पदार्थ जाळायचा, त्यात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन किती ते मोजायचे आणि हिशोबाशी ताडून पाहायचे. फिशरची साखळी १५ ग्लायसिन आणि ३ ल्युसिनची होती. त्यातले एखादे ग्लायसिन गळाले असते, तर त्या हिशोबात ते जेमतेम जाणवले असते.

पहिला कामाचा पहारेकरी अपघाताने सापडला. केंब्रिजमध्ये सिगफ्रीड रूहेमानने १९१० साली निनहायड्रिन तयार केले आणि अमिनो आम्लाशी गाठ पडताच ते जांभळे होते हे त्याच्या ध्यानात आले. (गुन्ह्याच्या जागी कागदावरचे बोटांचे ठसे उठवायला पोलीस वापरतात ते हेच.) पण रंग नुसता ‘आहे’ एवढे सांगतो, कोण आणि किती ते सांगत नाही. त्यासाठी मिश्रण आधी वेगळे करावे लागते. ती युक्ती रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेतला विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सुचली होती. खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून त्याने पानांचा अर्क सोडला आणि रंगांचे पट्टे वेगवेगळे उतरले. तिला अमिनो आम्लांच्या कामाला लावले ते इंग्लंडमधल्या लीड्स गावी, लोकरीवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत. लोकर हे प्रथिनच. मार्टिन आणि सिंज यांनी तिथे विभाजनाचे तंत्र बसवले आणि १९४४ साली ते साध्या गाळणकागदावर आले. कागदावर थेंब ठेवायचा, द्रावक चढू द्यायचा, वाळल्यावर निनहायड्रिन फवारायचे. जितके जांभळे ठिपके तितके पाहुणे.

पुढची निम्मी कथा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये घडते. तिथे ब्रूस मेरिफील्डने १९६३ साली प्लॅस्टिकच्या बारीक मण्यांवर पेप्टाइड वाढवायची पद्धत जाहीर केली. साखळीचे एक टोक मण्याला बांधलेले, दुसऱ्या टोकाला एकेक कडी जोडत जायची आणि मधला कचरा धुऊन टाकायचा. महिन्यांचे काम दिवसांवर आले. माझ्या मते शुद्धतेची आजची सगळी डोकेदुखी इथे जन्मली. जुन्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावरचा पदार्थ बाहेर काढून स्वच्छ करता येई. इथे चुकलेली साखळीही मण्यालाच चिकटलेली, धुऊन जाणार कशी? हिशोब निर्दय आहे. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी धरली, तरी ५० कड्यांच्या साखळीला ४९ जोडण्या लागतात आणि शेवटी बिनचूक साखळ्या उरतात सुमारे ६१ टक्के. बाकीच्या एखाददुसरी कडी गाळलेल्या, रूपाने जवळजवळ सख्ख्या बहिणी.

म्हणून वाटेतच तपासणी आली. १९७० साली कायझरने रूहेमानचे निनहायड्रिन पुन्हा कामाला जुंपले. चार मणी काढायचे, निनहायड्रिन, फिनॉल आणि पिरिडिनमधले सायनाइड यांचे थेंब टाकून गरम करायचे. मणी निळे झाले तर मोकळी टोके शिल्लक आहेत, जोडणी पुन्हा करा. पिवळे राहिले तर पुढे चला. टोकाला प्रोलिन असेल तर ही चाचणी फसते, कारण प्रोलिन नीट निळे होतच नाही. पेप्टाइड करणारे आजही असेच मणी तापवून बघतात.

कागदावरचा सुळका आला त्या सुमारास येल विद्यापीठात चाबा होर्वाथने सुरू केलेल्या कामातून. बारीक कणांनी गच्च भरलेल्या कॉलममधून द्रावक दाबाने ढकलायचा, म्हणजेच एचपीएलसी. बाहेर पडणाऱ्या द्रवावर अतिनील किरण टाकतात. पेप्टाइडचा बंध २१४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, तितका सुळका उठतो. मुख्य सुळक्याचे क्षेत्रफळ भागिले सगळ्या सुळक्यांचे क्षेत्रफळ, हेच ते ९९ टक्के. जे त्या प्रकाशात दिसत नाही किंवा मुख्य सुळक्याच्या पोटात दडून बाहेर पडते, त्याची या भागाकारात नोंदच नाही.

दडलेल्याला पकडायला वजन लागते. पण रेणूचे वजन करण्यासाठी तो नाजूक रेणू न मोडता उडवायचा कसा, हा पेच १९८०च्या दशकात सुटला. क्योतोत शिमाद्झू कंपनीच्या कोइची तानाका या इंजिनिअरने चुकून कोबाल्टच्या भुकटीत ग्लिसरीन ओतले, टाकून देणे जिवावर आले म्हणून तसेच वापरले आणि ते जमले. जॉन फेनने येलमध्ये दुसरी वाट काढली. २००२च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. आता वजनात ५७ कमी दिसले की ग्लायसिन गळाले, १६ जास्त दिसले की मेथिओनिनला ऑक्सिजन चिकटला, हे पटकन कळते. पण ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचे वजन एकच. डावे अमिनो आम्ल उलटून उजवे झाले तरी काटा हलत नाही.

या फटींमधून काय निसटते, ते एचआयव्हीच्या लशीवर काम करणाऱ्यांनी २००८ साली दाखवले. विकत घेतलेल्या पेप्टाइडमध्ये दुसऱ्याच पेप्टाइडचा अंश मिसळलेला होता आणि त्याने पेशींचा खोटा प्रतिसाद उठवला होता. रोगप्रतिकारक पेशींना अंशसुद्धा पुरतो.

आणि भुग्याच्या वजनाचे काय? शिशीतल्या भुग्यात पेप्टाइडबरोबर पाणी असते आणि शुद्धीकरणात वापरलेल्या ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लाचा क्षारही. सुळका ९९ टक्के असला तरी भुग्यात खरे पेप्टाइड ७०-८० टक्केच, असे सर्रास होते. ते मोजायची रीत रॉकफेलरच्याच स्टाइन आणि मूर यांनी १९५८ सालीच यंत्रावर चढवली होती. त्यासाठी नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर दिवसभर तापवून साखळीची कडी न् कडी सुटी करायची, मग एकेक मोजायची. ही चाचणी बहुतेक वेळा वेगळी सांगून करून घ्यावी लागते, तिचे पैसेही वेगळे पडतात. ती केलेली नसेल, तर शिशीवरच्या ५ मिलिग्रॅममध्ये पाणी आणि क्षारही मोजलेले असू शकतात.