वेड हॅम्प्टन : एका राज्यात दोन गव्हर्नर

नोव्हेंबर १८७६. साउथ कॅरोलिनाच्या निवडणुकीत एजफील्ड काउंटीत मतदारांपेक्षा मतेच अधिक निघाली. निकालाचा वाद मिटेना आणि डिसेंबरात कोलंबिया येथे दोघांनी गव्हर्नरपदाची शपथ घेतली : रिपब्लिकन डॅनियल चेंबरलेन आणि डेमोक्रॅट वेड हॅम्प्टन.

हॅम्प्टन हे यादवी युद्धापूर्वी दक्षिणेतील बड्या गुलाममालकांपैकी एक. युद्धात कॉन्फेडरेट घोडदळाचे सेनानी. प्रचारात त्यांनी कृष्णवर्णीयांना समान हक्कांचे अभय दिले. मात्र त्यांच्या सभांना लाल सदऱ्यांतल्या सशस्त्र घोडेस्वारांचा, ‘रेड शर्ट्स’चा, गराडा असे. हॅम्बर्ग येथे जुलैतच कृष्णवर्णीय मिलिशियातील शिपायांची हत्या झाली होती. अभय देणाऱ्याच्या पाठीशी बंदुका कोणाच्या, हे मतदारांना सांगावे लागत नव्हते.

तिढा सुटला वॉशिंग्टनमध्ये. एप्रिल १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी विधानभवनातील केंद्रीय सैनिक हटवले. चेंबरलेन यांना सत्ता सोडावी लागली.

हॅम्प्टन यांनी काही कृष्णवर्णीयांना किरकोळ पदे दिली, हे खरे. १८७९ मध्ये ते सिनेटर झाले. पुढे १८८२ मध्ये राज्यात ‘आठ पेट्यां’चा कायदा आला : पदागणिक निराळी मतपेटी, चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की मत बाद. निरक्षराने करावे तरी काय?

१८९० मध्ये हॅम्प्टन यांची सिनेटची जागा बेन टिलमन यांच्या गटाने हिरावली. हॅम्बर्गच्या हल्लेखोरांत हे टिलमनही होते.