दोष दगडाचा?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून किल्लारी परिसरातील गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे माळवदांखाली गाडली गेली. लोकांनी गुन्हेगार लगेच ठरवला: दगड!

पण भिंत कशी होती ते पाहा. आतबाहेर दगडांचे दोन थर, मध्ये मातीगोट्यांची भर; दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड जवळजवळ नसतच. वर गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीने माळवद जड झालेले. धक्क्याने थर फुगून सुटले. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पक्का होता, तिथे मात्र काही घरांत भिंती पडूनही छप्पर तगले.

पुनर्वसनात हे मागेच पडले. जुनी घरे मजबूत करण्यासाठी शासनाने अनुदान दिले. अनेकांनी त्यातून शेजारी सिमेंटची खोली बांधली आणि जुन्या घरातला वावरही चालू ठेवला. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पटवून देण्याचे काम तंत्रज्ञांचे होते. शिवाय सिमेंटचे घर आपोआप सुरक्षित होत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात, दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत कोसळल्या त्या काँक्रीटच्याच बहुमजली इमारती.