मुंबईचें स्कॉटिश चर्च व स्कॉटिश दफनभूमि

कळंब्यास बसून मुंबईच्या चर्चविषयीं लिहिण्याचें निमित्त कोल्हापुरांतच आहे. १८५२ सालीं कोल्हापुरास आलेले रे. वाइल्डर हे अमेरिकन. परंतु त्यांचें मिशन पुढें ज्या प्रेस्बिटेरियन पंथाकडे गेलें, त्या पंथाचें मुंबईंतील जुनें स्थान म्हणजे कोटांतील सेंट अँड्र्यूज चर्च होय.

१८१३ च्या सनदेनंतर कंपनीनें स्कॉटिश धर्मोपदेशक नेमले. मुंबईचे पहिले रे. जेम्स क्लो १८१५ सालीं आले व १८१९ सालीं चर्च उपासनेस खुलें झालें. १८२६ सालीं मनोऱ्यावर वीज पडल्यानें तो पुन्हा उभारावा लागला.

संस्कृतज्ञांस ह्या चर्चचे धर्मोपदेशक रे. जॉन स्टीव्हन्सन परिचित असावेत. त्यांचें मराठी व्याकरण १८३३ चें, सामवेदाचें इंग्रजी भाषांतर १८४२ चें. नाशिक व कान्हेरी येथील लेण्यांतील लेखांवरही त्यांनीं लिहिलें. त्यांचे समकालीन रे. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले.

येथें संग्राहकांनीं एक साल ध्यानांत ठेवावें. पाळक नेमण्याचा अधिकार कोणाचा, ह्या वादावरून १८४३ सालीं स्कॉटलंडचें चर्च दुभंगलें. विल्सन फ्री चर्चमध्यें गेले. स्टीव्हन्सन जुन्या चर्चमध्येंच राहिले. म्हणून 'स्कॉटिश मिशन' एवढ्याच नांवाचा कागद हातीं आल्यास त्याचा काल आधीं ठरवावा. नाहीं तर एका पक्षाचें दप्तर दुसऱ्याच्या खातीं जमा होईल.

दफनभूमीचा पुरावा मात्र निराळा आहे. विल्सन यांची पत्नी मार्गारेट, जिनें मुंबईंत मुलींच्या शाळा काढल्या, ती १९ एप्रिल १८३५ रोजीं वारली; स्वतः विल्सन १ डिसेंबर १८७५ रोजीं. एक मृत्यु दुफळीपूर्वींचा, दुसरा नंतरचा. तरी दोघांसही मूठमाती मिळाली ती जुन्या स्कॉटिश दफनभूमींतच. चर्च दुभंगलें, भूमि दुभंगली नाहीं. स्टीव्हन्सन १८५८ सालीं स्कॉटलंडांत वारले; त्यांचा दगड येथें शोधूं नये.

तात्पर्य, एका चर्चच्या नोंदवहीवरून मृतांची यादी पुरी होणार नाहीं; तिच्या जोडीस दगड वाचावयास हवेत. वाचकांपैकीं कोणी मुंबईस असल्यास त्यांनीं प्रत्येक लेख ओळीस ओळ, मूळ अक्षरांत उतरावा. फुटलेलें अक्षर तर्कानें भरूं नये. दगडाची जागा व दिशा नोंदवावी. ताम्रपटास जो न्याय आपण देतों, तोच ह्या दगडांसही द्यावा. ऊन-पावसानें अक्षर गेलें म्हणजे मागें दुसरी प्रत उरत नाहीं.